मते मोजण्याआधी माणसे मोजा



"ठराव बहुमताने मंजूर!" एवढे तीन शब्द कानावर पडले की आपण टाळ्या वाजवतो आणि चपला शोधायला लागतो. बहुमत झालं, आता बोलायचं काय उरलं, अशी आपली समजूत. आमचे म्हणणे असे की बोलायचं ते तिथूनच सुरू होतं. बहुमत झालं खरं, पण कुणाचं? मस्टरवरच्या सगळ्यांचं? सभेला आलेल्यांचं? की ज्यांनी हात वर केला तेवढ्यांचंच?

हा वकिली काथ्याकूट नाही. साधा हिशेब करून पाहा. एका साचाखात्यात मस्टरवर 100 कामगार आहेत. सभा बोलावली, 40 आले. ठरावाच्या बाजूने 18 हात वर झाले, विरुद्ध 12 झाले आणि 10 जण गप्प बसून राहिले. ठराव पास की नापास?

"मत देणाऱ्यांचे बहुमत" असा नियम असेल तर 30 मतांत 18, ठराव पास. "हजर असलेल्यांचे बहुमत" असा नियम असेल तर 40 जणांत 21 लागतात, ठराव पडला. "मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश" असेल तर 20 लागतात, तरीही पडला. "मस्टरवरच्यांचे बहुमत" असेल तर 51 लागतात, मग तर पडलाच. आणि "निम्मे सभासद हजर असल्याशिवाय सभाच नाही" असा नियम असेल तर ती सभाच नव्हे, चहा पिऊन घरी जायचं!

माणसं तीच, हात तेच, मतं तीच. निकाल मात्र नियमागणिक वेगळा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ते गप्प बसलेले 10 जण पहिल्या नियमात कुणाच्याच बाजूचे नाहीत. दुसऱ्या नियमात तेच विरोधक ठरतात, त्यांची तशी इच्छा असो वा नसो. घरी झोपलेले 60 जण चौथ्या नियमात ठराव पाडतात. म्हणजे गप्प बसणं हेसुद्धा एक मत आहे, आणि ते कुणाच्या झोळीत पडणार हे नियम ठरवतो. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्या हातात नियम त्याच्या हातात निम्मा निकाल!

दिल्लीची रीत काय आहे ते बघा. लोकसभेत 543 जागा. सभा चालायला दहावा हिस्सा पुरतो, म्हणजे 55. त्या 55 पैकी 28 जण "होय" म्हणाले की साधे विधेयक त्या सभागृहात मंजूर. राज्यघटना बदलायची असेल तर इतकं स्वस्त नाही. तिथे एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 272, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश लागतात, आणि काही कलमांना त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. घटनाकारांनी मुद्दामच दोन मापे ठेवली. रोजच्या कामाला लहान माप, पायाच्या दगडाला मोठे माप. हे शहाणपणाचे आहे.

आता सांगा, एखाद्या प्रांताचे राज्य बदलायचे, भाषेची माणसे एका छताखाली आणायची की तोडायची, हे काम कोणत्या मापाचे? कुणीही म्हणेल, मोठ्या. घटना म्हणते, लहान! तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्य बनवू शकते, मोडू शकते, हद्द हलवू शकते. चौथे कलम स्पष्टच सांगते की असा कायदा घटनादुरुस्ती समजायचा नाही. संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे विधेयक पाठवून त्याचे मत मागवायचे, बस्स! मागवायचे, मानलेच पाहिजे असे नाही. आणि डिसेंबर 1955 च्या पाचव्या घटनादुरुस्तीने तर मत कळवायला मुदत घालण्याची सोय झाली. मुदत टळली की मत आले नाही तरी गाडी पुढे.

याचा चटका कुणाला बसला? आमच्या केळापूर तालुक्याकडे बघा. पांढरकवड्याचा बाजार, आजूबाजूला कपाशीची शिवारे, दक्षिणेला पैनगंगा. 1956 च्या ऑक्टोबरपर्यंत हा तालुका मध्य प्रदेशात होता. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने म्हटले, विदर्भाचे वेगळे राज्य करा. 18 एप्रिल 1956 ला लोकसभेत विधेयक आले, त्यात लिहिले होते विदर्भासह महाराष्ट्र, पण मुंबई त्यातून बाहेर, केंद्राच्या ताब्यात. 31 ऑगस्ट 1956 ला राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा कायद्यात निघाले तिसरेच, गुजरात-महाराष्ट्राचे एक द्विभाषिक मुंबई राज्य. वर्षभरात केळापूरच्या माणसाला कागदावर तीन घरे दाखवली. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिकात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. चूल जागची हलली नाही, राज्य मात्र बदलत गेले. आणि या साऱ्यात त्याच्या दारी मतपेटी घेऊन कुणी आले का? एकदाही नाही!

तुम्ही म्हणाल, विधिमंडळाने तर मत दिलेच असेल. होय, दिले. पण कशावर दिले? मुंबईच्या विधिमंडळासमोर जे विधेयक ठेवले होते त्यात तीन वेगळे घटक होते. द्विभाषिक राज्याची कल्पना कायद्यात शिरली ती नंतर, संसदेत. त्यावर विधिमंडळाचे मत घेतलेच नाही. बाबुलाल पराते यांनी हाच मुद्दा कोर्टात नेला. तुम्ही एक वस्तू दाखवून मत घेतलं आणि दुसरीच वस्तू गळ्यात मारली, हे चालेल काय, असा त्यांचा सवाल होता. 28 ऑगस्ट 1959 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चालेल. मूळ विधेयक एकदा पाठवले की पुरे. संसदेने त्यात नंतर बदल केला तरी पुन्हा विचारण्याची गरज नाही, आणि विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारकही नाही. हा निकाल आजही कायदा समजून पाळला जातो.

21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईत विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, त्या मोर्चात आपले गिरणी कामगार का होते, हे आता कळेल. आत बसलेल्यांचे मत नुसते सल्ल्याचे आणि बाहेरच्यांचे मत तर मोजायचेच नव्हते. ज्याला मतपेटीत जागा मिळत नाही तो रस्त्यावर येतो.

पण बंधूंनो, आम्ही एकांगी बोलणार नाही. ज्या साध्या बहुमताने आमच्यावर द्विभाषिक लादले, त्याच साध्या बहुमताने 1960 मध्ये महाराष्ट्रही झाला. दोन-तृतीयांशाची अट असती तर तो इतक्या लवकर झाला असता की नाही, कोण सांगावे? पैनगंगेपलीकडे आदिलाबादला पाहा. 1956 मध्ये तो जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून आंध्र प्रदेशात गेला. 30 जानेवारी 2014 ला आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक आवाजी मताने फेटाळले. 18 फेब्रुवारी 2014 ला लोकसभेने तेच विधेयक आवाजी मतानेच मंजूर केले आणि 2 जूनला तेलंगणा झाला. तेलंगणाच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, बरे झाले, नाहीतर मोठ्या भावाने धाकट्याला कधी वाटणी दिलीच नसती. पलीकडचा म्हणेल, आमच्या विधानसभेला कुत्र्याने विचारले नाही. दोघेही खरे बोलतात! आणि दोन्हीकडे मत आवाजाचे. कोण "होय" म्हणाला, कोण "नाही", याची नावनिशीवार नोंद नाही. आवाजाला ना नाव, ना हिशेब.

थेट लोकांनाच विचारले तर? तेही झाले आहे. गोव्यात डिसेंबर 1963 च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला होता. विधानसभेत महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूचे बहुमत होते. तिथल्या तिथे हात वर करून प्रश्न सुटला असता. पण विलीनीकरणाच्या विरोधकांनी आग्रह धरला की हे आमदारांचे काम नाही, लोकांचे आहे. दयानंद बांदोडकरांचे मंत्रिमंडळ बाजूला झाले आणि 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. गोवा वेगळा राहिला. आणि गंमत अशी की दोनच महिन्यांनी निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर बसवला! म्हणजे सरकार कुणाचे हा एक प्रश्न, राज्य कुठे हा दुसरा. आमदाराला मत दिले म्हणून प्रत्येक प्रश्नाचे मत त्याच्या खिशात गेले असे होत नाही. गोव्याचा निकाल अनेक मराठी माणसांना लागला. आम्हाला विचाराल तर तो निकाल मानावाच लागतो, कारण ज्यांचे घर त्यांनाच विचारले होते आणि प्रश्न एकच, उघड होता. हरल्यावरसुद्धा तक्रारीला जागा उरत नाही ती अशा मोजणीने.

आता दिल्ली-पणजी सोडा, आपल्या गिरणीच्या फाटकात या.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीधंद्यात एक "प्रातिनिधिक युनियन" मानण्याची रीत घातली. त्या विभागातल्या त्या धंद्याच्या एकूण कामगारांपैकी शेकडा 15 सभासद असले की पात्रता. पुढे ते शेकडा 25 केले. एकीपेक्षा जास्त युनियनी पात्र असतील तर जिचे सभासद जास्त ती. एकदा तो शिक्का बसला की मालकाशी करार करायचा अधिकार तिचाच, आणि तो करार शंभरच्या शंभर कामगारांवर बंधनकारक. हिशेब करा, शेकडा 25 च्या वहीवर शेकडा 75 बांधले जाऊ शकतात! आणि ही मोजणी कशाची? सभासदांच्या वहीची, वर्गणीच्या पावतीची. कामगाराने पडद्याआड जाऊन चिठ्ठी टाकायची नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. कायद्याच्या वहीत प्रतिनिधी होता तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ. हा कायदा रद्द करा, हीसुद्धा त्या संपाची एक मागणी होती. कोण चूक, कोण बरोबर, यावर गिरणगावात आजही वाद होतात. त्यात आम्ही इथे शिरत नाही. आम्ही एवढेच दाखवतो की फाटकाबाहेरची माणसे एकीकडे आणि वहीतला आकडा दुसरीकडे असला की मधे दरी पडते, आणि त्या दरीत पडतो तो कामगार.

आता नवा कायदा आला आहे. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आणली गेली. तिच्यात माप मोठे आहे. एका आस्थापनेत अनेक युनियनी असतील तर मस्टरवरच्या कामगारांपैकी शेकडा 51 जिच्यामागे, ती एकटी वाटाघाट करणार. कुणाकडेच 51 नसतील तर शेकडा 20 वा अधिक असलेल्या युनियनींची मिळून वाटाघाट परिषद. शेकडा 25 पेक्षा 51 चांगले, हे आम्ही मोकळेपणी म्हणतो. पण टाळ्या वाजवण्याआधी खालचा आकडा विचारा. शेकडा 51, पण कोणत्या शंभरातले? मस्टरवरच्या! बदलीवाल्याचे नाव त्या मस्टरवर आहे का? कंत्राटदाराने आणलेला पोरगा, जो तुमच्याच शेजारच्या मशीनवर, तेवढेच तास, तीच कपाशीची धूळ खातो, तो कुणाच्या मस्टरवर? कंत्राटदाराच्या. मग तो शंभरात मोजला जाणार का? वरचा आकडा सगळे वाचतात. खालचा आकडा, म्हणजे कुणाला माणूस धरले आणि कुणाला नाही, तो कुणी वाचत नाही. आणि चोरी होते ती तिथेच.

त्याच संहितेतली दुसरी मेख बघा. शेकडा 50 किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा काढली तर तो संप समजायचा. म्हणजे कामगारांनी मोजायच्या आधी सरकारने त्यांची मोजणी करून ठेवली आहे. त्यांनी मोजले, मग आपण का मोजू नये?

यावर उपाय काय? उपाय शोधायला परदेशी जायला नको. पुन्हा केळापूरलाच या. या तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावे आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरच्या दाव्यांची सुरुवात ग्रामसभेतून केली. त्या ग्रामसभेचा नियम ऐका. निम्मे सभासद हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्यांवर ठराव व्हायचा असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे समोर पाहिजेत. मग हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने ठराव. पाहिलंत? मताची अट साधीच ठेवली, पण सभेत कोण बसलेच पाहिजे ते आधी बांधून घेतले. पाटलाच्या ओसरीवर चार पागोटी जमवून ठराव लिहिता येत नाही. ज्याची जमीन, ज्याचे जंगल, तो समोर पाहिजे. आणि जी बाई सरपण आणते, ती समोर पाहिजे.

याच नियमात आणखी एक धडा आहे. 2008 मध्ये हा नियम आला तेव्हा निम्मे नव्हे, दोन-तृतीयांश सभासद हजर पाहिजेत अशी अट होती. कानाला गोड लागते. पण कापूस वेचायच्या दिवसांत, मजुरीसाठी गाव सोडून गेलेल्या माणसांच्या गावात, दोन-तृतीयांश माणसे एका दिवशी आणायची कुठून? सभा भरेना की दावा पुढे सरकेना. 2012 मध्ये ती अट निम्म्यावर आणली. तात्पर्य हे की फार उंच उंबरा हाही एक फासच असतो. ज्याला काहीच होऊ द्यायचं नाही त्याने फक्त घरी बसायचं. पोलंड देशाच्या जुन्या संसदेत तर एका सभासदाने "नाही" म्हटले की अख्खे अधिवेशन मोडायचे. ते "नाही" शेजारच्या बलाढ्य राज्यांना विकत घेता येऊ लागले. 3 मे 1791 च्या घटनेने तो नियम काढला, पण उशीर झाला होता. 1795 पर्यंत पोलंडचे लचके तोडून तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतले. सगळ्यांची संमती हवी म्हणणारा नेहमीच सगळ्यांचा मित्र असतो असे समजू नका.

तेव्हा बंधूंनो, शेकडा 15 वाईट, 51 चांगले, 100 त्याहून चांगले, असे सरळ गणित नाही. निर्णय कसला आहे त्यावर माप ठरते. पोळ्याची वर्गणी किती, गणपती कुठे बसवायचा, हे हजर असलेल्यांच्या साध्या बहुमताने ठरू द्या; चुकले तर पुढल्या वर्षी दुरुस्त करता येते. पण संप पुकारणे, संप मागे घेणे, पगारवाढ सोडून देणाऱ्या करारावर सही करणे, युनियनचे नियम बदलणे, यांत चूक झाली तर भरपाई नाही, पोराबाळांच्या तोंडचा घास जातो. तिथे मोठे माप पाहिजे, आणि मत गुप्त पाहिजे. मुकादम समोर उभा असताना वर झालेला हात आणि पुढारी समोर उभा असताना वर झालेला हात, दोन्ही सारखेच भितात.

आमचे सांगणे एवढेच. हिंगणघाटात असा, यवतमाळात असा, नांदगाव पेठेत असा की मुंबईत असा, येत्या सभेत आपल्या युनियनचे घटनेचे पुस्तक मागवा आणि पाच प्रश्न विचारा. शंभर म्हणजे कोण, बदली आणि कंत्राटी धरून की वगळून? सभा भरायला किती पाहिजेत? गप्प बसलेल्याचे मत कुठे धरायचे? मत आवाजी, हात वर करून की चिठ्ठीने? आणि ठरावाचा मसुदा सभेनंतर बदलला तर तो पुन्हा सभेपुढे येणार की नाही? पाचव्या प्रश्नावर अडून बसा. 1956 मध्ये जे विधिमंडळाच्या बाबतीत झाले ते तुमच्या पगाराच्या करारात होऊ देऊ नका. दाखवला एक आणि सही झाली दुसऱ्यावर, असे चालणार नाही!

आणि हे प्रश्न आज विचारा, भांडण नसताना. भांडण पेटल्यावर जो नियम काढतो तो आपल्या सोयीचाच काढतो, मग तो मालक असो, सरकार असो की आपलाच पुढारी असो. शांत दिवशी केलेला नियम कुणाच्याच सोयीचा नसतो, म्हणून तो सगळ्यांच्या कामाचा असतो.

केळापूरच्या कपाशीचे सूत तुमच्या हातांतून जाते. एक धागा तुटला तर तुम्ही साचा थांबवता, गाठ मारता, मग पुढे जाता. तेवढीच नजर सभेतल्या मोजणीवर ठेवा. सभेला या, नियम विचारा, मग हात वर करा.